नाव घालायचं की नाही

विनोद मताला टाकायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात सगळंच मताला टाकलं जायचं. रविवारी भाजी कोणती इथपासून टीव्ही घ्यायचा की नाही इथपर्यंत. वडील एका सरकारी कारखान्यात फिटर, आणि उरलेला वेळ युनियनमध्ये. ते तरुणपणी सोलापूरहून बंगळूरला आले. आई मात्र इथलीच, चामराजपेटेतली. तिच्या माहेरची माणसं इथं कधी आली हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. कुठल्यातरी सरदाराच्या फौजेबरोबर, एवढंच म्हणतात. आई मतदानात सगळ्यांबरोबर हात वर करायची आणि मग स्वतःला हवी ती भाजी करायची. त्यातून मी काही शिकले असते तर पुढचं टळलं असतं.

अक्षरं मी पत्रकांवर शिकले. खाटेखाली दोन गठ्ठे असायचे. एक वडिलांनी सोलापुरातून आणलेला, गिरणीतल्या मराठी पत्रकांचा. दुसरा इथल्या कारखान्याच्या कानडी पत्रकांचा. सगळी एका बाजूला कोरी. कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची, आणि उत्तर जुळेना की कागद उलटून वाचत बसायची. ‘निषेध’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता यायला लागला असेल. एका गोष्टीचं मला फार नवल वाटायचं. एवढं सणसणीत लिहिलेलं, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही. मी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, “नाव आलं की माणूस सापडतो. माणूस सापडला की मुद्दा हरवतो.” हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आणि पुढची दहा-बारा वर्षं त्याच्यावर जगले.

आमच्या भागात केबल आली तेव्हा केबलवाल्यानं स्वतःचंही एक चॅनेल सुरू केलं. त्यावर दिवसभर कॅसेटवरचे सिनेमे, आणि सिनेमाच्या पायाशी सरकणारी पट्टी: साड्यांचा सेल, ग्राइंडरची दुरुस्ती, अमक्याच्या मुलीला वाढदिवसाच्या शुभेच्छा. रविवारी सकाळी अर्धा तास त्याच्याकडे लावायला काही नसायचं. तो अर्धा तास मी मागून घेतला. म्हटलं, आम्ही मालिका करून देतो. आमचीच, आमच्या गल्लीतल्या तरुण पोरांची. तो कानडीत म्हणाला, “करा की अम्मा. मराठी लोक पुष्कळ आहेत इथं. स्वल्प कानडी पण घाला, म्हणजे मला शिव्या बसणार नाहीत.”

आम्ही चौघं होतो. कॅमेरा पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरचा. तो कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि आमच्या समोरच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. त्याच्या भाऊजींनी परदेशातून तो छोटा व्हिडिओ कॅमेरा आणला होता आणि त्यानं तो आतापर्यंत फक्त भाचीचं बारसं टिपायला वापरला होता. दुसरी माझी शेजारीण. ती बँकेच्या परीक्षांना बसायची, आणि अक्षर चांगलं म्हणून आमच्या सभांचं इतिवृत्त लिहायची. तिसरी मी, लेखक आणि अध्यक्ष. चौथा आमचा नट. त्याच्या घरचं चिक्कपेटेत कापडाचं आणि शिलाईचं दुकान, तीन पिढ्यांचं. मराठी आमच्यासारखीच, पण कानडी तिच्यात इतकी मुरलेली की कुठली कुठं संपते ते त्यालाही कळत नसे. तो आणि मी एकाच वयाचे, तरी तो मला अक्का म्हणायचा. आदरानं नव्हे. मी अध्यक्षपदावरून बोलायला लागले की म्हणायचा.

मालिकेचं नाव ‘वरची खोली’. चार तरुण, एक भाड्याची खोली, एक बादली आणि एक दिवसाआड येणारं पाणी. टीव्हीवरच्या मालिका मला सहन होत नव्हत्या. भल्या मोठ्या घरात माणसं दिवसभर नटून बसलेली, आणि कामाला कुणीच जात नाही. आमची माणसं कामाला जातील असं मी ठरवलं होतं. कामावरून काढलीही जातील. हसवायचं, पण हसवून सोडून द्यायचं नाही.

हसवायचं कसं, हा प्रश्न सभेत आला. रीत अशी की मी प्रसंग लिहून आणायचा, वाचायचा, आणि प्रत्येक विनोद मताला टाकायचा. बोलायचं असेल त्यानं उजवा हात वर करायचा. हात वर न करता बोललेलं इतिवृत्तात धरलं जाणार नाही.

“घरमालक भाडं मागायला येतो आणि पाण्याची बादली घेऊन जातो,” मी वाचलं. “बाजूनं?”

दोन हात वर.

“विरोधात?”

“मी तटस्थ,” पुणेकर म्हणाला. “म्हणजे, कन्सेप्ट चांगला आहे. टायमिंगवर डिपेंड आहे.”

नटानं हात वर केला. “अक्का, एक सांगू? जोक मंजूर झाल्यावर हसायचं की हसल्यावर मंजूर करायचा?”

“हा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही.”

“लिही,” तो शेजारणीला म्हणाला, “नट हसला, पण वेळेच्या आधी.”

तिनं खरंच लिहिलं. ते इतिवृत्त अजून माझ्याकडे आहे. त्यात सदतीस विनोद नामंजूर आहेत आणि मंजूर झालेल्यांपैकी एकही आज वाचून मला हसू येत नाही. पण तेव्हा मला वाटायचं की लोकशाहीत एवढं चालायचंच.

चित्रीकरणाच्या आदल्या रविवारी नावांचा ठराव आला. पहिल्या पाटीवर मालिकेचं नाव रंगवायचं होतं, काळ्या कार्डशीटवर पांढऱ्या रंगानं. नट म्हणाला, खाली आपलीपण नावं घालू.

“कशाला?” मी विचारलं.

“असंच.”

“असंच म्हणजे? काम सगळ्यांचं आहे. आजवर पत्रकाखाली कुणी नाव घातलंय?”

“ही पत्रक कुठाय मा? ही शिरियल.”

“काही कारण असेल तर सांग,” शेजारीण म्हणाली.

त्यानं खांदे उडवले. कारण होतं, पण ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही. मी त्याला सांगायला जागा ठेवली होती का, हा प्रश्न मला नंतर पडला. शेजारीण आणि तो, दोन मतं बाजूनं. पुणेकर आणि मी, दोन विरोधात. पुणेकराचं कारण वेगळंच होतं. कंपनीत कळलं तर बॉस काय म्हणेल अशी त्याला धास्ती. समसमान झाली की निर्णायक मत अध्यक्षाचं. मी ते विरोधात दिलं, आणि वर पाच मिनिटं बोलले. वहीच्या पहिल्या पानावरचं वाक्यही म्हणून दाखवलं.

आमच्याकडे संकलनाचं यंत्र नव्हतं. त्यामुळे मालिका ज्या क्रमानं दिसायची त्याच क्रमानं टिपायची. चुकलं की कॅसेट मागे घ्यायची आणि त्याच्यावरच पुन्हा टिपायचं. कॅसेट अर्ध्या तासाची, भाग अर्ध्या तासाचा. पहिले दहा सेकंद पाटी, आणि लगेच पहिला प्रसंग.

पहिल्या प्रसंगात नट भरदुपारी खोलीवर परत येतो. तो होसकोट्याच्या एका कारखान्यात कामाला आहे, आणि आज त्याला काढून टाकलंय. मी त्याला दीड पानाचं भाषण लिहून दिलं होतं. त्यात ‘यंत्राच्या दातांत’ असे शब्द होते. ते एकमतानं मंजूर झालं होतं.

त्या दिवशी ढग आले. गच्चीवरच्या खोलीला एकच खिडकी. पुणेकर ओरडत होता की लाइट जातोय, लवकर करा. नट दारातून आत आला. त्यानं प्रसंगात समोर बसलेल्या आम्हा दोघींकडे बघितलं, आणि भाषण सुरू करण्याऐवजी खिशातून मापाची टेप काढली. ती त्याच्या खिशात असायचीच, दुकानातून थेट आलेला. तो शेजारणीजवळ गेला आणि तिच्या खांद्याचं माप घ्यायला लागला. “चौदा. गेल्या साली साडेतेरा. बँकेत लागायच्या आधीच बँकेतल्यासारखी झालीस.” मग माझ्याकडे. माझी मान मोजली आणि म्हणाला, “हिचा गळा मोठा ठेवायला लागतंय, आवाज अडकतो.” मग तो स्टुलाचं माप घेऊ लागला, बादलीचं, दाराच्या चौकटीचं. प्रत्येक माप मोठ्यानं सांगत होता, जसं दुकानात आतल्या माणसाला सांगतात. शेवटी स्वतःचं. टेप कमरेभोवती फिरवली, आकडा बघितला, आणि एक बोट आत ओढली. मग आणखी एक. “हे एवढं चालेल,” तो म्हणाला. “आजपासनं घरीच जेवणार, स्वल्पच जेवणार.” एवढंच. नोकरी गेली हा शब्दही नाही.

चार मिनिटं चाललं. पुणेकरानं कॅमेरा बंद केला नाही. तो नंतर म्हणाला की त्याला बंद करायचं सुचलंच नाही.

मी चिडले. हे मंजूर नव्हतं. हे लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, कॅसेट मागे घ्या. पण प्रकाश गेला होता आणि बॅटरीही गेली होती. पुढच्या रविवारी तिथूनच पुढे जायचं ठरलं. मी इतिवृत्तात माझा निषेध नोंदवायला लावला.

पुढं दोन महिने लागले. मध्ये एकदा येलहंक्याच्या स्टेशनवर दोन मिनिटांचा प्रसंग करायला गेलो, तर रेल्वेच्या माणसानं परवानगी विचारली आणि मी त्याच्याशी सार्वजनिक जागेच्या हक्कावर अर्धा तास भांडले. प्रसंग राहिला. असे पुष्कळ रविवार गेले.

शेवटी भाग लागला. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आधी दोन रविवार उरले होते. घरात मी, आई, वडील, वरच्या मजल्यावरची माणसं. मापांचा प्रसंग सुरू झाला तेव्हा सगळे हसत होते, आणि त्यानं टेप पहिल्यांदा आत ओढली तेव्हा आईचं हसणं अर्ध्यावर थांबलं. ती पदर तोंडाशी धरून बसली. बाहेर गल्लीतूनही आवाज बंद झाला. मला माझ्या दीड पानाच्या भाषणाची आठवण आली आणि मी मान खाली घातली.

बाराव्या मिनिटाला केबलवाल्यानं कॅसेट थांबवून साडीच्या दुकानाची जाहिरात लावली. नंतर पट्टीही सरकवली. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे सात मुद्द्यांचं निषेधपत्र दिलं. त्यानं ते वाचलं आणि म्हणाला, “अम्मा, लोकांना आवडलंय. पुढच्या रविवारी परत लावू या काय?” मी म्हटलं, जाहिरातीशिवाय लावणार असाल तर. तो हसला. मी त्याच दिवसापासून त्याच्याशी बोलणं बंद केलं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं गच्चीवर होतो, तेव्हा नट आला. गच्चीच्या कठड्याला टेकून, इकडंतिकडं बघत, त्यानं ते कारण सांगितलं.

त्याला वर्षभर एका फिरत्या कानडी नाटक कंपनीत जायचं होतं. कंपनीनं ये म्हटलं होतं. अप्पा, त्याचा बाप, नाही म्हणत होता. उगादीला दुकानाची नवीन वही पुजतात, त्या दिवसापासून पोरानं गल्ल्यामागे बसायचं हे ठरलेलं. खूप भांडणं झाल्यावर अप्पा एवढंच म्हणाला होता: टीव्हीवर तुझं नाव आलं तर एक वर्ष देतो.

“पण तू स्वतः दिसलास की! सगळ्या गल्लीनं बघितलं.”

“अप्पा बोल्ला, तोंड काय, रोज बघतो मी. तोंड कुणाचंपण दिसतंय. नाव कुठाय?”

“हे तू तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तू मत मागत होतीस अक्का. कारण नव्हतीस मागत.”

शेजारीण म्हणाली, सोपं आहे, केबलवाल्याला सांगू, रविवारी तो परत लावणारच आहे, पट्टीत नाव सरकवेल. नटाचा चेहरा उजळला. मीच नाही म्हटलं. आमच्या माणसाचं नाव साड्यांचा सेल आणि ग्राइंडर यांच्यामध्ये? ज्याच्याशी मी तत्त्वावर बोलणं बंद केलं त्याच्याकडे मेहेरबानी मागायची? आपण पाटी नवीन करू. शेजारणीनं कॅसेट परत आणायची, ती सुरुवातीला घ्यायची, जुन्या पाटीच्या दहा सेकंदांवर नवी पाटी टिपायची. ‘वरची खोली’, आणि खाली चौघांची नावं, वर्णानुक्रमे, समान अक्षरांत. असा ठराव मी मांडला आणि तो चार विरुद्ध शून्य मंजूर झाला. पुणेकरानंसुद्धा हात वर केला. म्हणाला, बॉस केबल बघत नसेल. मला फार उदार वाटत होतं त्या दिवशी.

शनिवारी पाटी तयार झाली. रंगवली शेजारणीनं. ती स्टुलावर ठेवली, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर. पुणेकरानं बटण दाबलं. मी मोठ्यानं आकडे मोजत होते. सातला पोचले आणि मला दिसलं.

पुढचं जे बोलणं झालं ते मी आठवणीतून लिहीत नाही. ते सगळं कॅसेटवर आहे.

“थांबा. हे नाव बाकीच्यांपेक्षा मोठं आहे.”

“अर्ध्या बोटानं,” शेजारीण म्हणाली.

“अर्ध्या बोटानं का होईना. ठराव समान अक्षरांचा होता.”

“अप्पाला चष्मा लागलाय,” नट म्हणाला. “करून घेत नाही. म्हणून मीच सांगितलं हिला, स्वल्प मोठं काढ.”

“म्हणजे तुझ्या अप्पाच्या डोळ्यांसाठी आपण ठराव मोडायचा?”

“माझा एक पॉइंट आहे,” पुणेकर म्हणाला. त्यानं उजवा हात वर केला होता. सभेचा नियम त्यानं कधी मोडला नाही. त्याच हाताचं बोट बटणावर असायला हवं होतं.

“तुझा पॉइंट नंतर. आज अक्षर मोठं, उद्या फोटो. दुकानदाराला माणूस दिसतच नाही, पाटी दिसते. असल्या माणसाच्या हट्टापायी...”

“दिसू दे की पाटी!” नटाचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. “ती पाटी बघून एक वर्ष देणाराय तो मला. तू काय देणार? ठराव?”

मग माझा आवाज, अध्यक्षाचा. “ठीक आहे. मताला टाकू. अक्षर आहे तसं मोठं ठेवावं, बाजूनं?” मग तीन हात वर झाल्याची नोंद, शेजारणीच्या आवाजात. मग पुणेकर हात खाली घेतो आणि म्हणतो, “झाले ना दहा सेकंद?” मी म्हणते, “झाले.”

कॅसेट तपासली नाही. बॅटरीचा दिवा लुकलुकत होता, आणि खरं सांगायचं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघायचीही कुणाची इच्छा नव्हती. शेजारीण कॅसेट देऊन आली. मी तर केबलवाल्याशी बोलत नव्हते.

रविवारी घरात पुन्हा तेवढीच माणसं जमली. या वेळी आईनं मापांचा प्रसंग बघायला मावशीलाही बोलावलं होतं. पाटी आली. नाव स्पष्ट दिसत होतं. मी मनात दहा मोजले. पाटी तशीच. आणि माझा आवाज आला: थांबा, हे नाव बाकीच्यांपेक्षा मोठं आहे.

“हे काय गं?” आई म्हणाली. “नावच दाखवतायत नुसतं?”

मला उठून टीव्ही बंद करता आला असता. पण आमच्या घरातला बंद करून काय उपयोग? तोच आवाज समोरच्या घरातून येत होता, शेजारून येत होता. दुकानदाराला माणूस दिसत नाही, हे वाक्य मी सगळ्या गल्लीत एकाच वेळी बोलले. चार मिनिटं पडद्यावर चार नावं हलली नाहीत. मग एकदम खोली दिसली, टेप गुंडाळून खिशात ठेवणारा नट दिसला, आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. मापं पाटीखाली पुसली गेली होती. सगळी. मंजूर झालेलं सगळं शिल्लक होतं.

मावशी म्हणाली, “तू म्हणत होतीस ते कुठाय, टेपचं?” आई उठून चहा ठेवायला गेली.

माणसं गेल्यावर मी वडिलांना म्हटलं, मी तत्त्व सोडलं म्हणून असं झालं. नावं घातलीच नसती तर काही पुसावंच लागलं नसतं.

त्यांनी उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाले, “आम्ही नाव घालत नव्हतो, कारण नाव बघून पोलीस घरी यायचे. तुमच्या घरी कोण येणार होतं?”

मला त्यांचा इतका राग आला. दहा-बारा वर्षं मी ज्याला तत्त्व म्हणत आले ती त्यांची खबरदारी होती, आणि हे त्यांनी मला आता सांगितलं. मी म्हटलं, मग तेव्हाच सांगायचं होतं. ते म्हणाले, “सांगितलं होतं. माणूस सापडतो, म्हटलं होतं.”

सोमवारी मी चिक्कपेटेत गेले. नटाचा अप्पा गल्ल्यावर बसला होता. मी माफी मागायला गेले होते, पण मला माफी मागता येत नाही. मी भूमिका मांडायला लागते. मी म्हटलं, माझं वाक्य व्यक्तीबद्दल नव्हतं, वृत्तीबद्दल होतं.

“बस मा,” तो म्हणाला. “पाणी पितेस काय?”

मी बसले.

“चार मिनिटं,” तो म्हणाला. “आमच्या गल्लीत कुणाचं नाव एवढा वेळ आलं नाही. कॉर्पोरेशनमध्ये निवडून आलेल्याचं नाही आलं. समोरचा विचारतो, किती दिलंस म्हणून.” तो हसला नाही. “तू बोल्लीस ते पण ऐकलं. बायकोनं ऐकलं, गिऱ्हाइकांनी ऐकलं. पाटी नसली तर मा, गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जातंय. माणूस आत कसला का असेना. हे मला तीस वर्षांनी कळलंय. तुला अजून वेळ आहे.” मग त्यानं आत हाक मारली, आणि नट कापडाचा तागा खांद्यावर घेऊन बाहेर आला. “हिच्यासमोर सांगतो. शब्द म्हणजे शब्द. उगादीपासनं उगादीपर्यंत, एक वर्ष. जा.”

मला वाटलं, झालं, जे हवं होतं ते मिळालं. मी नटाकडे बघून हसले. तो हसला नाही. तो मला बाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आला.

“अप्पाला नाव मिळालं,” तो म्हणाला. “वर्ष मिळालं. पण ते टेपचं मला तिथल्या मालकाला दाखवायचं होतं. माझ्याजवळ दुसरं काय होतं दाखवायला?”

“परत करू. उद्याच करू. पुणेकराला सांगते.”

आम्ही खरंच केलं, तो जायच्या आदल्या दिवशी. त्यानं टेप काढली, शेजारणीचं माप घेतलं, माझं घेतलं. शब्द तेच, क्रम तोच. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही, मत मागितलं नाही, श्वाससुद्धा जपून घेतला. कमरेशी आला तेव्हा तो थांबला. टेप तशीच धरून उभा राहिला आणि म्हणाला, “नाही येत. पहिल्यांदा केलं तेव्हा मला माहीत नव्हतं पुढं काय करणाराय. आता तुम्ही सगळे वाट बघताय.”

पुणेकरानं कॅमेरा बंद केला. या वेळी वेळेवर.

मालिकेचा दुसरा भाग झाला नाही. शेजारीण परीक्षा पास होऊन बँकेत लागली. पुणेकराला कंपनीनं दुसऱ्या शहरात पाठवलं. कुणाशी भांडण झालं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. भांडण झालं असतं तर निदान माझी बाजू तरी असती.

नट कंपनीबरोबर गावोगाव फिरतो. त्याच्या अप्पानं दोन महिन्यांपूर्वी मला दुकानात बोलावून घेतलं. पोरगा आता रंगमंचावर उभा राहतो, दोन नाटकांत विनोदी पार्ट करतो, लोक शिट्ट्या मारतात, असं पत्र आलंय. अप्पा म्हणाला, “तंबूबाहेर फलक असतोय त्यांचा. त्याच्यावर नाव घातलंय काय, विचार. तू लिहितेस चांगलं. नाव आलं असेल तर आणखी एक साल देईन म्हणतो. नसेल तर उगादीला ये म्हणून लिहितो.”

मी कंपनीच्या मालकाला कानडीत पत्र लिहिलं. नम्र. उत्तर एका कार्डावर आलं. नाटक सगळ्यांचं असतं, नव्या पोरांची नावं फलकावर घालायची आमच्याकडे पद्धत नाही. मी दुसरं पत्र लिहिलं, तेवढं नम्र नाही. त्यात लिहिलं की सगळ्यांचं असतं हे वाक्य नेहमी ज्याचं नाव आधीच फलकावर आहे तोच म्हणतो. त्याला उत्तर नाही. तिसऱ्या पत्रात मी सात मुद्दे घातले. नटाला कळलं असावं. त्यानं मला कळवलं की अक्का, थांब, नाहीतर मालक मलाच काढेल.

थांबावं हे मला पटतं. पण मग अप्पाला काय सांगू? मी दुकानासमोरून जाताना तो रोज मला हाक मारून विचारतो, आलं काय उत्तर? उगादीला पाच महिने आहेत. मी काल चौथं पत्र लिहून ठेवलंय. त्यात फक्त एक ओळ आहे, विनंतीची. ती मला तीन वेळा लिहावी लागली, कारण प्रत्येक वेळी तिच्यात मागणी शिरत होती.